लोहाची सलाईन: कोणाला, किती आणि कोठे घ्यावी?

औषधखिडकी, नाशिक (धागाकर्ती)

नाशिकमधील एका रुग्णालयाच्या औषध विभागात मी काम करते. लोहाच्या इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन आमच्या खिडकीशी येणाऱ्यांमध्ये दिवस भरत आलेल्या स्त्रिया असतात, पाळीच्या अतिरक्तस्रावाने थकून गेलेल्या चाळिशीतल्या स्त्रिया असतात, डायलिसिसवरील रुग्णांचे नातेवाईक असतात आणि अलीकडे थकवा जावा म्हणून नुसती ‘ताकदीची सलाईन’ मागणारेही पुष्कळ असतात. औषध द्या, घरीच ओळखीच्या सिस्टरकडून लावून घेतो, असे कोणी म्हणाले की मला काळजी वाटते. आणि ज्या बाईला या औषधाची खरोखर गरज आहे ती कोणाच्या तरी सांगण्यावरून घाबरून परत जाते, तेव्हाही तितकीच काळजी वाटते. खिडकीवर उभ्या उभ्या जे सांगता येत नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातील बहुतेकींना सलाईनची आवश्यकता नसते. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि नीट घेतली तर काम करते. जेवणासोबत चहा न पिणे, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घेणे, शौच काळी झाली म्हणून न घाबरणे, एवढे पाळले तरी पुष्कळ फरक पडतो. दिवसाआड एक गोळी घेतल्यास तिच्यातील लोहाचा अधिक वाटा शोषला जातो, असे झुरिच येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले; ज्यांना रोजच्या गोळीने मळमळते त्यांनी आपल्या डॉक्टरांना हा पर्याय अवश्य विचारावा. गरोदरपणात मात्र रोजचे वेळापत्रक स्वतःच्या मनाने बदलू नये.

सलाईनचा विचार कोठे होतो? गोळ्या पुरेसा काळ घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, गोळ्या पोटाला मुळीच सोसत नाहीत, आतड्याच्या आजारामुळे लोह शोषले जात नाही, जितके लोह पोटातून येते त्यापेक्षा अधिक रक्त अंगावरून जाते, किंवा बाळंतपण जवळ आले आहे आणि गोळ्यांचा परिणाम होईपर्यंत थांबण्याइतका वेळ उरलेला नाही, अशा वेळी. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही शिरेतून लोह द्यावे लागते.

आता या औषधाविषयी सावध का राहायचे, ते सांगते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि आतडे दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह आत घेते. गरज नसेल तर आतडे दार लावून घेते, पण जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही व्यवस्था शरीरात नाही. सलाईनमधून दिलेले लोह हे दार टाळून थेट रक्तात जाते, म्हणून लोहाची कमतरता आहे हे आधी सिद्ध करणे आणि मात्रा मोजून ठरवणे या दोन गोष्टींना पर्याय नाही. नुसत्या हिमोग्लोबिनवरून सलाईन ठरवू नये. संपूर्ण रक्तगणना आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) या दोन चाचण्या तरी हातात असाव्यात. फेरिटिन ३० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर साठा रिकामा आहे असे बहुधा समजले जाते. मात्र अंगात ताप किंवा दाह असेल तर फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, हेही डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे.

सातपूरची रहिवासी

माहितीबद्दल मनापासून आभार. माझे वजन ५० किलो असून हिमोग्लोबिन ८ आले आहे आणि फेरिटिनही फार कमी आहे. पाळीत फार रक्तस्राव होतो. डॉक्टरांनी लोहाची सलाईन सुचवली आहे, परंतु सासूबाईंचे म्हणणे असे की त्यापेक्षा रक्ताची एक बाटली चढवली तर लगेच बरे वाटेल. आमच्या शेजारी एकीला सात वेळा सलाईन घ्यायला बोलावले आणि मला दोनच वेळा सांगितले आहे, त्यामुळेही मनात शंका आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदिरानगर

ताई, आपल्या उपचाराचा निर्णय आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. मी केवळ हिशेब समजावून सांगते.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळते. आपली तूट त्याहून कितीतरी मोठी असते. ती काढण्याचे जुने सूत्र असे आहे: वजनाला अपेक्षित आणि प्रत्यक्ष हिमोग्लोबिनमधील फरकाने गुणायचे, त्याला २.४ ने गुणायचे आणि साठ्यासाठी ५०० मिळवायचे. वजन ५०, हिमोग्लोबिन ८ आणि अपेक्षित १५ धरले तर ८४० अधिक ५००, म्हणजे १,३४० मिलिग्रॅम होतात. एका पिशवीने हिमोग्लोबिनचा आकडा साधारण एकाने वाढेल, साठा रिकामाच राहील आणि दुसऱ्याच्या रक्ताबरोबर येणारे धोके मात्र पत्करावे लागतील. रक्त चढवणे जीव वाचवते आणि जेथे ते हवे तेथे क्षणाचाही विलंब करू नये: गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ५ च्या खाली गेले असेल, धाप लागून हृदयावर ताण आला असेल किंवा रक्तस्राव सुरूच असेल, तर सलाईनच्या लोहाची वाट पाहता येत नाही. आपल्यासारख्या, चालत दवाखान्यात आलेल्या स्त्रीची स्थिती बहुधा वेगळी असते.

सात आणि दोन यांतील फरक औषधाचा आहे. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम आणि आठवड्याला अधिकाधिक तीन वेळा देतात, म्हणून खेपा वाढतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमध्ये लोहाभोवतीचे शर्करेचे कवच अधिक घट्ट असते, लोह सावकाश सुटते, त्यामुळे एका बैठकीत १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते आणि उरलेली मात्रा आठवड्यानंतर देतात. मात्र या हजाराच्या मर्यादेबरोबर वजनाचीही मर्यादा आहे. सलाईनमधून एका वेळी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत, म्हणजे ४० किलो वजनाच्या स्त्रीला ८०० च्या पुढे जाता येत नाही. आपल्याकडे चणीने बारीक स्त्रिया पुष्कळ असल्यामुळे त्या दिवशीचे वजन घेतल्याशिवाय मात्रा लिहू नये, असा माझा आग्रह असतो.

आणखी एक. रक्त का जाते आहे ते शोधा. सोनोग्राफीत गाठ आहे का, थायरॉईडचा दोष आहे का, हे न पाहता लोह भरत राहिलो तर काही महिन्यांनी पुन्हा याच ठिकाणी याल. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्या शरीरातील लोह कमी होण्यामागे जठरातील व्रण, मूळव्याध, वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर किंवा आतड्याचा कर्करोगही असू शकतो. सलाईनने आकडा सुधारला आणि तपासणी राहून गेली, असे होता कामा नये.

दिंडोरीकर

पत्नीला सातवा महिना सुरू आहे. गावातील एकाने सांगितले की लोहाचे इंजेक्शन कंबरेत घेतले की काम झाले, सलाईनसाठी नाशिकला जाण्याची गरज नाही. द्राक्षाच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, बाग सोडून एक दिवसही निघणे कठीण जाते, म्हणून विचारतो.

वॉर्डातील परिचारिका

दादा, कंबरेतील लोहाचे इंजेक्शन पूर्वी सर्रास दिले जाई. ते फार दुखते, मात्रा थोडी असल्याने अनेकदा टोचावे लागते, औषध स्नायूतून सावकाश आणि अनिश्चितपणे शोषले जाते आणि त्वचेवर काळपट डाग राहतो. त्यापासून तीव्र ॲलर्जी होत नाही असा समज आहे, तोही खरा नाही. तुमच्या डॉक्टरांनी तपासून शिरेतून लोह द्यायचे ठरवले, तर जेथे ऑक्सिजन, ॲड्रेनॅलिन (तीव्र ॲलर्जीवरील तातडीचे औषध) आणि ते वापरू शकणारा माणूस हजर आहे अशा ठिकाणी एक दिवस काढा. त्यासाठी नाशिकपर्यंत यावेच लागेल असे नाही, ग्रामीण रुग्णालयात सोय आहे का ते आशाताईंकडून विचारून घ्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत. तुमच्या घरी तो काळ उलटून गेला आहे. लोह सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोकेही पाहिले जातात.

प्रत्यक्ष खाटेजवळ काय व्हायला हवे ते येथे लिहिते, म्हणजे नातेवाइकांना विचारता येईल. आधी नाडी, रक्तदाब आणि ताप पाहतो. ताप असेल किंवा जंतुसंसर्ग सुरू असेल तर लोह त्या दिवशी पुढे ढकलतो, कारण जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ उठले होते का, दमा आहे का, हे विचारतो. औषध केवळ साध्या मिठाच्या सलाईनमध्ये मिसळतो. ग्लुकोजची सलाईन चालत नाही आणि त्याच बाटलीत व्हिटॅमिनचे पिवळे इंजेक्शन मिसळण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती चुकीची आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हजार मिलिग्रॅमपर्यंत असेल तर २५० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईनमध्ये पातळ करत नाहीत, कारण फार पातळ केल्यास ते स्थिर राहत नाही, आणि किमान १५ मिनिटे लावून देतात. आयर्न सुक्रोजच्या २०० मिलिग्रॅमला अर्धा तास तरी द्यावा. सुक्रोज भराभर सोडल्यास रक्तदाब पडतो.

सुई शिरेत नीट बसली आहे का, हे आधी नुसती सलाईन सोडून पाहतो. औषध शिरेबाहेर गेले तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कधी कायमचा राहतो. हात जड वाटला, चुरचुरले, सूज दिसली की लगेच सांगा. सिस्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. आम्ही सुरुवातीची काही मिनिटे थेंब सावकाश ठेवून रुग्णाजवळच थांबतो आणि बाटली संपल्यावर आणखी अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवतो.

मेनरोडचा व्यापारी

हे सर्व जरा अतिच वाटते. आमच्या परिसरातील लहान दवाखान्यात वर्षानुवर्षे लोहाची सलाईन देतात, आधी ॲलर्जीचे इंजेक्शन देतात, थोडे औषध टोचून चाचणी घेतात, आणि कोणाला काही झाल्याचे ऐकिवात नाही.

औषधखिडकी, नाशिक (धागाकर्ती)

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. आजच्या औषधांनी गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते, हे अगदी खरे आहे आणि भीती वाटणाऱ्यांनी ते आवर्जून वाचावे. पूर्वीच्या जड रेणूंच्या आयर्न डेक्स्ट्रान या लोहाच्या इंजेक्शनने या संपूर्ण गटाचे नाव खराब केले होते. परंतु क्वचित होणारी गोष्ट कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि ती झाली तर काही मिनिटांत उपचार लागतात. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये या सर्व औषधांचा आढावा घेतला, तेव्हा हाच निष्कर्ष काढला: चाचणीच्या मात्रेवर विसंबू नये, कारण ती निर्धोक गेलेल्यांनाही नंतर ॲलर्जी झालेली आहे; प्रत्येक मात्रेनंतर किमान ३० मिनिटे लक्ष ठेवावे; आणि जेथे पुनरुज्जीवनाची साधने आणि प्रशिक्षित माणसे आहेत तेथेच औषध द्यावे. आयर्न डेक्स्ट्रानच्या वेष्टनावर चाचणी मात्रा अजूनही लिहिलेली आढळते, पण तिच्याने नंतरची देखरेख टळत नाही.

आधी ॲलर्जीचे इंजेक्शन देण्याविषयीही सांगायला हवे. काही जणांना लोह सुरू होताच चेहरा लाल होतो, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखे होते, सांधे दुखतात, परंतु रक्तदाब टिकून असतो, श्वासात घरघर नसते आणि अंगावर गांधी उठत नाहीत. सलाईन थांबवली की हे बहुधा आपोआप ओसरते आणि थोड्या वेळाने कमी वेगाने पुन्हा सुरू करता येते. अशा वेळी घाईने झोप आणणारे ॲलर्जीविरोधी इंजेक्शन दिले, तर त्यानेच रक्तदाब उतरून गुंगी येते आणि साधी प्रतिक्रिया गंभीर भासू लागते. याउलट गांधी, ओठांना सूज, घरघर आणि रक्तदाब कोसळणे ही खरी आणीबाणी. तेथे पहिले औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत, प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, बाकी सर्व नंतर. ज्या दवाखान्यात ॲड्रेनॅलिन कोठे आहे ते विचारल्यावर शोधावे लागते, तेथे लोह घेऊ नये.

खिडकीवरून दिसणारा एक धोकाही सांगते. आयर्न सुक्रोजच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असते आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोजच्या एका मिलिलिटरमध्ये ५०. दोन्ही द्रव गडद तपकिरी. चिठ्ठीवर नुसते ‘लोह १० मिलिलिटर’ लिहिले तर एकाचे २०० मिलिग्रॅम होतात आणि दुसऱ्याचे ५००. म्हणून औषधाचे पूर्ण नाव आणि मिलिग्रॅममधील मात्रा लिहून घ्या आणि बाटलीशी ताडून पाहा.

सुरगाणा तालुक्यातील आरोग्यसेविका

आमच्या भागातील एक मुद्दा येथे यायलाच हवा. पाड्यावर एखादी मुलगी फिकट दिसली की लोह द्या, असा सर्वांचा स्वभाव होऊन बसला आहे. तिला सिकलसेलचा आजार असेल तर तिच्या लाल पेशी लवकर फुटतात, फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते, वारंवार रक्त चढवले असेल तर त्यात आणखी भर पडते, आणि वरून सलाईनने लोह दिले तर ते यकृतात आणि हृदयात साचण्याची भीती असते. तिला फॉलिक ॲसिड हवे असते. लोह हवे की नको ते फेरिटिन पाहूनच ठरते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून तपासणीची कार्डे पुष्कळांकडे आहेत. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतून नाशिकला उपचारासाठी जाणाऱ्यांनी ते कार्ड सोबत न्यावे, आणि शहरातील डॉक्टरांनी ते मागावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

देवळाली कॅम्पचा वाचक

थॅलेसेमियाविषयीही असेच म्हणता येईल का? आमच्या सिंधी समाजात थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या या आनुवंशिक दोषाचे सौम्य रूप) अनेकांना आहे आणि लहानपणापासून लोहाची औषधे खाल्ल्याचे बरेच जण सांगतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदिरानगर

होय, निश्चितच. रक्तगणनेत लाल पेशींचा आकार फार लहान असूनही त्यांची संख्या मात्र भरपूर दिसते, तेव्हा संशय घ्यावा. आकाराच्या आकड्याला पेशींच्या संख्येने भागून उत्तर १३ पेक्षा कमी आले तर मायनरची शक्यता वाढते. उदाहरणार्थ आकार ६५ आणि संख्या ५.८ दशलक्ष असेल तर उत्तर ११.२ येते. निदान मात्र एचपीएलसी तपासणीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्ततपासणी) हिमोग्लोबिन ए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांहून अधिक आढळल्यावरच पक्के होते. मायनर असलेल्या व्यक्तीलाही खरी लोहकमतरता असू शकते आणि तिच्यामुळे ए२ थोडे कमी दिसून निदान हुकू शकते, म्हणून फेरिटिन सोबत हवेच. गरोदर स्त्रीला मायनर निघाले तर पतीची तपासणी त्याच आठवड्यात करावी. दोघांनाही असेल तर प्रत्येक गर्भाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे तीव्र रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते.

ज्यांच्या पेशी उलट मोठ्या दिसतात, त्यांच्यात बी१२ ची कमतरता शोधावी. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत ती वरचेवर सापडते. तिचे इंजेक्शन स्नायूत देतात, त्याला सलाईनचा खटाटोप लागत नाही. नुसते फॉलिक ॲसिड दिल्यास रक्त सुधारते पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते, म्हणून पायांना मुंग्या येत असतील तर ते लपवू नये.

नाशिक रोडचा मुलगा

वडील डायलिसिसवर आहेत. त्यांना लोहासोबत एरिथ्रोपोएटिनचे (लाल पेशी तयार करायला लावणारे) इंजेक्शन सांगितले आहे. हिमोग्लोबिन १०.८ झाले आहे आणि डॉक्टरांनी मात्रा कमी केली. १४ पर्यंत न्यायला हवे होते, असे घरी सर्वांना वाटते.

औषधखिडकी, नाशिक (धागाकर्ती)

डॉक्टरांनी योग्यच केले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाचे आजार अधिक आढळले. तेव्हापासून या इंजेक्शनने साडेअकराच्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत. रक्तदाब वाढतो का ते नियमित पाहावे. लोहाचा साठा पुरेसा नसेल तर हे इंजेक्शन वाया जाते, म्हणूनच दोन्ही सोबत दिली आहेत. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, गोठू द्यायचे नाही आणि हलवायचे नाही. उन्हाळ्यात दुकानातून घरी नेताना बर्फाच्या पिशवीत न्या, परंतु बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कापड ठेवा. फ्रीजच्या दारात ठेवू नका.

सातपूरची रहिवासी

सासूबाईंना हे सर्व वाचून दाखवले आणि त्या सोबत येण्यास तयार झाल्या आहेत. सलाईननंतर गोळ्या चालू ठेवायच्या का, आणि रक्त पुन्हा कधी तपासायचे?

वॉर्डातील परिचारिका

ताई, शिरेतून लोह सुरू असताना गोळ्या बंद ठेवतात आणि शेवटच्या मात्रेनंतर किमान पाच दिवस जाईपर्यंत सुरू करत नाहीत. पुढे हव्यात की नाही ते डॉक्टर सांगतील. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी तपासा. फेरिटिन त्याआधी तपासू नका, नुकत्याच दिलेल्या लोहामुळे ते फार वाढलेले दिसते आणि उगाच घबराट होते. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे, कसर येणे, डोके जड होणे असे काही जणींना होते आणि एक-दोन दिवसांत जाते. धाप, छातीत दुखणे किंवा चेहऱ्यावर सूज आली तर मात्र १०८ वर फोन करून रुग्णालयात या.

फेरिक कार्बोक्सिमाल्टोज घेतल्यावर काही आठवडे रक्तातील फॉस्फेट कमी होऊ शकते, कारण त्यामुळे मूत्रपिंडावाटे ते अधिक बाहेर पडते. एकदोन मात्रांनंतर बहुतेकींना काही जाणवत नाही, पण पुन्हा पुन्हा घ्यावे लागले आणि हाडे दुखू लागली, स्नायूंत अशक्तपणा आला, तर लोह कमी पडले असे समजून आणखी सलाईन मागू नका, फॉस्फेट तपासून घ्या.

औषधखिडकी, नाशिक (धागाकर्ती)

ताई, दोन्ही खेपांची नोंद एका कागदावर करून घ्या: औषधाचे पूर्ण नाव, मिलिग्रॅम, तारीख, बॅच क्रमांक आणि काही त्रास झाला असल्यास तो कोणत्या मिनिटाला झाला. दुसऱ्या वेळी दुसरे सिस्टर असतील, तेव्हा त्यांना हाच कागद दाखवा. त्रास झाला तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते, त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची गरज नाही.